वीतभर उंचीचं स्टूल

विद्यार्थ्यांना शिकण्याची प्रेरणा कशी द्यावी, या विषयावरचं व्याख्यान ऐकताना आमच्या शाळेतले एकवीस शिक्षक झोपी गेले. शिक्षक एकूण बावीस. बाविसावा मी. पण त्यात माझा काही मोठेपणा नाही, माझी खुर्ची पंख्याखाली नव्हती इतकंच.

गैरसमज नको. कुणी मान टाकली नव्हती, कुणी घोरत नव्हतं. वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाला डोळे उघडे ठेवून, मधूनमधून मान डोलवत झोपता येतं. ही विद्या आम्ही मुलांकडूनच शिकलो आहोत.

व्याख्याते प्रेरणातज्ज्ञ होते. म्हणजे त्यांच्या कार्डावर तसं छापलेलं होतं. पडद्यावर चित्रं येत होती: उगवता सूर्य, डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला माणूस, पुन्हा उगवता सूर्य. “प्रत्येक मुलाच्या आत एक ज्योत असते,” ते म्हणाले, “शिक्षकाने फक्त फुंकर घालायची!” फुंकर घातल्यावर ज्योतीचं काय होतं, अशी एक शंका माझ्या मनात आली होती. पण व्याख्यानानंतर चहा होता, म्हणून ती मनातच ठेवली.

शेवटी मुख्याध्यापक उठले. त्यांना बोलण्यापेक्षा परिपत्रक वाचायला आवडतं, त्यामुळे ते साधं ‘नमस्कार’सुद्धा कागदात बघून म्हणतात. त्यांनी वाचलं, “शाळेत लवकरच एक अद्ययावत प्रेरणा कक्ष सुरू होईल. तिथे मुलांसाठी वीस बीनबॅग आणि भिंतीवर सुविचार असतील. त्यासाठी सुतारवर्गाची जागा निश्चित करण्यात येत आहे.”

टाळ्या झाल्या. टाळ्यांच्या आवाजाने माझ्या शेजारचा माणूस जागा झाला आणि सगळ्यांच्या वरताण, अगदी उभा राहून टाळ्या वाजवू लागला. हा माणूस म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आणि सुतारवर्गाचा एकमेव शिक्षक.

“छान बोलले,” तो खाली बसत म्हणाला. “काय म्हणाले, दाजी?”

“तुझा वर्ग बंद होतोय.”

त्याने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. “आणि मी टाळ्या वाजवल्या?”

“उभं राहून.”

त्याला शाळेत सगळे रंधासर म्हणतात. रंधा म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचं हत्यार, आणि ते त्याच्या हातात इतकं शोभतं की मुलांनी त्याचं खरं नाव कधी विचारलेलंच नाही. बारा वर्षं तो त्या लांबोळ्या खोलीत नववी-दहावीच्या मुलांना सुतारकाम शिकवत होता. तास ऐच्छिक होता. अकरा वाजता मुलांनी सुतारकामाला तरी जायचं किंवा माझ्या निबंधलेखनाला तरी. त्याच्या पटावर तीस नावं होती आणि प्रत्यक्षात नऊ मुलं यायची. बाकीची एकवीस माझ्याकडेही यायची नाहीत. ती कुठे जायची हे शाळेच्या मागच्या भिंतीला माहीत.

चहाच्या वेळी आम्ही दोघं मुख्याध्यापकांना गाठायला गेलो. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. त्यांच्याकडे सगळ्याचा कागद असतो.

“सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी अकरा वाजता समिती येईल. त्या वेळी निम्मी, म्हणजे पंधरा मुलं वर्गात दिसली तर वर्ग राहील. नाही दिसली तर सरांना भांडारात सामावून घेण्यात येईल.”

“भांडारात काय करायचं?” मेहुण्याने विचारलं.

“खडू वाटायचे.”

मेहुण्याचा चेहरा असा झाला की जणू त्याला खडू वाटायचे नव्हते, पाट्यावर वाटून खायचे होते.

हाताशी सहा आठवडे होते. पहिल्या आठवड्यात त्याने तज्ज्ञांच्या मार्गाने जायचं ठरवलं. भिंतीवर ‘तू करू शकतोस!’ असा फलक लावला. बाजारातून चकचकीत चांदण्यांची पाकिटं आणली आणि चांगलं काम करणाऱ्याला एक चांदणी, असं जाहीर केलं. दोन दिवसांत वर्गात चांदण्यांचा व्यापार सुरू झाला. तीन चांदण्यांना एक खोडरबर असा भाव फुटला. वर्गात एक कधीच न बोलणारा मुलगा होता, त्याला मुलं मौनी म्हणायची. त्याने आपल्या सगळ्या चांदण्या शांतपणे करवतीच्या मुठीला चिकटवल्या, कारण मूठ घसरत होती. चांदणीचा तेवढाच एक सदुपयोग झाला. आठवड्याअखेरीस हजेरी नवावरून सातावर आली.

“जे दोन गेले ते म्हणाले, आमच्या पुरेशा चांदण्या झाल्या,” मेहुणा आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होता.

माझी बायको शाळेच्याच आवारातल्या बालवाडीची बाई. बालवाडी आणि सुतारवर्ग यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे, तेव्हा भावाचा वर्ग ती बारा वर्षं रोज बघत आली होती.

“चांदण्या राहू दे. मला सांग, तुझ्या वर्गात मागे छतापर्यंत स्टुलांची चळत आहे. ती कुणाची?”

“मुलांची. प्रत्येकाने केलेली.”

“सगळी एकसारखी कशी?”

“चांगली झालीत म्हणून.”

“अरे, ती तू केलीस म्हणून! मी बघते ना भिंतीवरून. पोराने पटाशी हातात घेतली रे घेतली की तू म्हणतोस ‘आण इकडे’. मग तू खाच पाडतोस, तू जोडतोस, तू घासतोस. पोरं बघत उभी राहतात. म्हणून तर एकानेही आपलं स्टूल कधी घरी नेलं नाही. परक्याची वस्तू कोण नेईल?”

“ताई, त्यांना येत नाही ना! लाकूड वाया जातं.”

“माझ्या भूगोलाच्या वहीतले नकाशेसुद्धा तूच काढायचास लहानपणी. मला म्हणायचास, तुझा किनारा वाकडा येतोय. आज बघ, अख्ख्या जगात मला एक देश धड काढता येत नाही.”

“मग करू काय?”

“हात खिशात ठेव.”

“एप्रनला खिसे नाहीत.”

दुसऱ्या दिवशी खिसे होते. बायकोने रात्रीतून दोन खोल खिसे शिवले आणि त्यांच्या तोंडाशी एकेक बटण लावलं. मनगटाभोवती ते लावलं की हात सहजासहजी बाहेर येत नसे. मी म्हटलं, “अगं, तो शिक्षक आहे, कैदी नाही.” ती म्हणाली, “तुमच्या तोंडाला कुठे लावता येईल हेसुद्धा बघतेय मी.”

असा तो हात खिशात घालून वर्गात उभा राहू लागला. त्याचे हाल बघवत नसत. मुलगी करवत तिरकी धरते आहे, आणि याच्या खिशात बोटं वळवळताहेत. मुलगा खिळ्याऐवजी अंगठ्यावर नेम धरतो आहे, आणि हा डोळे मिटून सुविचाराच्या फलकाकडे तोंड करून उभा. कुणी “सर, बरोबर आहे का?” विचारलं की म्हणायचा, “गुण्या लावून बघ.” गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. बारा वर्षांत ती पहिल्यांदाच मुलांच्या हाताला लागली.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे वकील म्हणायचे, कारण तिला ‘शाई सांडली’ म्हटलं तर ती ‘कशावरून?’ विचारायची. या वकिलाने आयुष्यातलं पहिलं स्टूल स्वतःच्या हाताने उभं केलं, तिसऱ्या बाकाजवळ जमिनीवर ठेवलं, आणि ते डुगडुगलं.

“एक पाय लांब आहे,” तिने निकाल दिला, आणि तो बोटभर कापला.

स्टूल दुसरीकडे डुगडुगलं. तिने दुसरा पाय कापला. मग तिसरा. खालच्या आडपट्ट्या अजून बसवल्या नव्हत्या म्हणून बरं, नाहीतर त्याही गेल्या असत्या. कापायचं, ठेवायचं, डुगडुग. कापायचं, ठेवायचं, डुगडुग. पहिला दिवस संपला तेव्हा गुडघ्याएवढं स्टूल पोटरीएवढं झालं होतं.

त्या संध्याकाळी मेहुणा आमच्याकडे आला तो पाणीसुद्धा न पिता बोलू लागला. “दाजी, तिसऱ्या बाकाजवळची फरशी खचलेली आहे! बारा वर्षं मला माहीत आहे. मी नेहमी स्टूल खिडकीपाशी नेऊन तपासतो. एक वाक्य बोललो असतो तर लाकूड वाचलं असतं.”

“मग?”

“ताई भिंतीवरून बघत होती.”

दुसऱ्या दिवशी वर्गात बारा मुलं होती. बातमी पसरली होती की वकील एका स्टुलाचा पाट करते आहे. मुलं भोवती कोंडाळं करून उभी होती आणि कोणता पाय पुढे जाईल यावर चर्चा रंगली होती. अकराव्यांदा करवत चालली. स्टूल वीतभर उरलं. डुगडुग.

“आता याला पाय नाहीत, नुसते अंगठे आहेत,” कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात मौनी पुढे आला. त्याने मागच्या चळतीतून रंधासरांच्या हातचं एक निर्दोष स्टूल काढलं, आणून त्याच जागी ठेवलं, आणि त्यावर बोट टेकवलं.

तेही डुगडुगलं.

वर्गात एवढी शांतता मी फक्त परीक्षेच्या निकालाला ऐकली आहे. (मी शेजारच्या वर्गातून आवाज थांबला म्हणून बघायला आलो होतो.) मुलांनी आधी स्टुलाकडे पाहिलं, मग सरांकडे, मग खाली वाकून फरशीकडे. आणि मग जो हशा उसळला त्याने खिडकीची तावदानं हादरली.

“मी या फरशीवर दावा ठोकणार आहे!” वकील ओरडली. “अकरा तुकडे, पुरावा म्हणून ठेवलेत मी!”

पण ओरडून झाल्यावर तिने जे केलं ते मेहुणा पुढे कितीतरी दिवस सांगत होता. तिने ते वीतभर स्टूल उचललं, यंत्राच्या सपाट लोखंडी टेबलावर ठेवलं, चारही पायांखाली कागद सरकवून पाहिला, ज्या पायाखालून कागद गेला नाही तिथे पेन्सिलीने खूण केली, आणि खुणेपर्यंत घासलं. कुणी सांगितलं नव्हतं. स्टूल असं घट्ट उभं राहिलं की जमिनीतून उगवल्यासारखं.

“सर,” ती घाम पुसत म्हणाली, “आता याच्यावर बसणार कोण?”

हा प्रश्न मात्र खरा होता. वीतभर उंचीच्या स्टुलावर बसायला गेलेला मोठा माणूस बसत नाही, पडतो.

उत्तर भिंतीपलीकडून आलं. माझ्या बायकोने ते स्टूल मागून नेलं आणि बालवाडीत ठेवलं. बालवाडीतल्या खुर्च्या कोणे एके काळी कुठल्या तरी कचेरीतून आलेल्या होत्या. चार वर्षांची मुलं त्यांच्यावर बसली की त्यांचे पाय अधांतरी लोंबत. लोंबणारे पाय हलतात, हलणारे पाय शेजारच्याला लागतात, आणि पुढचं महाभारत तुम्हाला ठाऊक आहे. त्या स्टुलावर बसलेल्या पहिल्या मुलीने खाली पाहिलं आणि ओरडली, “बाई! माझे पाय पोचले!”

त्यानंतर त्या एका स्टुलासाठी चोवीस मुलांत जे झालं ते मी सांगत नाही. दोन बटणं आणि एका वेणीची रिबीन कामी आली.

बायको दुसऱ्या दिवशी चार मुलांचं शिष्टमंडळ घेऊन सुतारवर्गात गेली. भावाकडे तिने बघितलंही नाही. थेट वकिलासमोर उभी राहिली.

“हे स्टूल तू केलंस?”

“चुकून,” वकील म्हणाली. तिने खरं बोलल्याची ही शाळेतली पहिली नोंद.

“मला अशी आणखी तेवीस चुकून पाहिजेत. जमेल?”

वकील काही बोलायच्या आत शिष्टमंडळातली एक चिमुरडी पुढे आली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. तिने एकेका मोठ्या मुलाकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, “माझं कधी?”

मी तीस वर्षं शिकवलं. छडी बंद झाली तेव्हा शिकवत होतो आणि चांदण्या सुरू झाल्या तेव्हाही. पण त्या दोन शब्दांएवढा परिणाम कशाचा झालेला मी पाहिला नाही. रोज सकाळी भिंतीवर दहा-बारा टाळकी दिसू लागायची आणि एकेक विचारायचं, “दादा, माझं कधी?” “ताई, माझं कधी?” तासाला दांडी मारून मागच्या भिंतीवर बसणाऱ्या एकवीसजणांचीही यातून सुटका झाली नाही. बालवाडीच्या मुलांना कोण येतं आणि कोण येत नाही हे माहीत नसतं. त्यांना फक्त दादा आणि ताई दिसतात. “मी त्या वर्गात नसतो रे,” असं सांगितलेल्या एका दादाला “का?” असं सलग चार दिवस विचारण्यात आलं. पाचव्या दिवशी तो वर्गात होता.

प्रत्येक मुलाचं माप घेण्यात आलं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत. कारण वकिलाने मुद्दा काढला की चोवीस मुलं म्हणजे चोवीस वेगळे गुडघे. मापं घेताना एकजण पायाच्या बोटांवर उभा राहिला, कारण त्याला मित्रापेक्षा उंच स्टूल हवं होतं. एकीचं म्हणणं होतं की तिच्या स्टुलाला शेपूट पाहिजे. आणि मौनीच्या वाट्याला जो मुलगा आला तो मौनीपेक्षा मुका. दोघं एकमेकांसमोर पाच मिनिटं नुसते बसले. शेवटी मौनी घसा खाकरून म्हणाला, “दुखणार नाही. नुसतं माप आहे.” मुलांनी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली.

लाकूड वाया गेलं नाही असं मी म्हणणार नाही. पुष्कळ गेलं. एका स्टुलाला पाच खाचा पडल्या आणि पाय चारच होते. एक पोरगा स्टूल जोडताना स्वतःचा शर्ट आत जोडून बसला. मेहुणा हे सगळं खिशात हात घालून बघायचा आणि घरी येऊन सांगायचा. पण आता सांगताना तो कण्हत नसे, हसत असे. विचारलं तरच उत्तर द्यायचं, असा त्याने नेम केला होता. गंमत म्हणजे तो सांगायचा तेव्हा कुणी ऐकत नव्हतं, आणि आता त्याला डबा खायला फुरसत देत नव्हते. “सर, कोरड्या लाकडाला चीर का जाते?” “सर, डिंक लावून किती वेळ धरायचं?” हजेरी पंधरा झाली, एकोणीस झाली, सव्वीस झाली. मधल्या सुट्टीत करवतींना नंबर लागू लागले.

समितीचं मात्र त्याने मुलांना काहीच सांगितलं नव्हतं.

“सांग की,” मी म्हणायचो. “शुक्रवारी सगळे हजर राहतील.”

“राहतील, दाजी. पण मग ते माझ्यासाठी येतील.”

असलं वाक्य कानावर आलं की मी वर्तमानपत्र वाचायला घेतो.

चोवीसही स्टुलं गुरुवारी बालवाडीत पोचली. शुक्रवार उजाडला. मी समितीवर शिक्षकांचा प्रतिनिधी होतो, म्हणजे समितीच्या मागून चालायचं आणि दारं बंद करायची. माझ्या निबंधाच्या वर्गाला मी जरा लवकरच बसवून ‘प्रेरणेचे महत्त्व’ हा विषय दिला, कमीत कमी तीनशे शब्द, आणि बाहेर पडलो.

त्याआधी, साडेदहाच्या सुमाराला, सुतारवर्गात काय झालं ते मला मागाहून कळलं. मुलं तासाला लवकरच जमली होती. समोर नवं लाकूड होतं. एवढ्यात भिंतीवर ती दात पडलेली चिमुरडी दिसली. एक बोट वर धरून ती रडत होती.

“बोचलं,” ती म्हणाली. “स्टूल बोचलं.”

बोटात लाकडाचं बारीक कुसळ शिरलं होतं. वकिलाने ते नखाने काढलं आणि विचारलं, “कुणाचं स्टूल?” मग स्वतःच म्हणाली, “माझंच.” तिचा चेहरा उतरला. “कडा घासायची राहिली. एकाची राहिली म्हणजे आणखी कुणाची राहिली असेल कुणास ठाऊक. आपण गुरुवारी घाई केली.” तिने सरांकडे वळून विचारलं, “सर, आम्ही सगळे जाऊ? आत्ता? चोवीसही बघावी लागतील.”

भिंतीवरच्या घड्याळात दहा पस्तीस झाले होते. मेहुण्याने घड्याळाकडे पाहिलं. पंधरा जणांना थांबवलं असतं तर चाललं असतं. पंधराच तर हवे होते.

“सर?”

“मला काय विचारतेस? स्टुलं कुणाची?”

दोन मिनिटांत वर्ग रिकामा झाला. पॉलिश पेपरचा गठ्ठाही गेला.

बरोबर अकरा वाजता समिती दारात आली. पुढे अध्यक्षा. पांढऱ्या केसांच्या, काठी घेऊन चालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. मागे मुख्याध्यापक, हातात कागद. त्यांच्या मागे प्रेरणातज्ज्ञ. शेवटी मी. आत तीस जणांच्या जागेत एक माणूस उभा होता, दोन्ही हात खिशात.

“उपस्थिती शून्य,” मुख्याध्यापकांनी लिहिलं आणि शून्य गोल आलं नाही म्हणून पुन्हा गिरवलं.

“स्पष्ट आहे,” तज्ज्ञ म्हणाले. “ज्योत विझलेली आहे.”

मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याला खडूच्या पेट्या दिसत असाव्यात.

अध्यक्षाबाईंनी एक रंधा उचलून पाहिला. रंध्याच्या पात्याजवळचा भुसा त्यांनी दोन बोटांनी चोळला. “हा ताजा आहे,” त्या म्हणाल्या. “मुलं कुठे गेली?”

“बालवाडीत,” मेहुणा म्हणाला. “एका स्टुलाचं कुसळ निघालं.”

“आणि त्यासाठी सगळे गेले?”

“स्टुलं चोवीस आहेत.”

“तुम्हाला माहीत होतं ना, आम्ही अकराला येणार ते?”

“हो.”

“मग थांबवलं नाहीत?”

“तिला बोचलं होतं,” तो म्हणाला.

बाईंनी काठी वळवली. “चला बालवाडीत.”

“पण बाई, नियमात ‘वर्गात’ असं—” मुख्याध्यापक म्हणेपर्यंत त्या भिंतीला वळसा घालून गेल्याही होत्या.

बालवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. नववी-दहावीची मुलं जमिनीवर मांड्या घालून बसली होती, कुणाच्या मांडीवर उलटं स्टूल, कुणी ते धरायला, आणि प्रत्येक स्टुलाशी उभं राहून एक चार वर्षांचं माणूस काम करून घेत होतं. “इथे.” “अजून इथे.” “हात फिरव. नाही, गाल लावून बघ.” एक ताडमाड मुलगा खरोखरच स्टुलाला गाल लावून बघत होता. मौनी आणि त्याचा मुका मित्र आळीपाळीने एकच कडा घासत होते, बोलण्याची गरजच नव्हती. माझी बायको खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होती, जणू वर्गाशी तिचा काही संबंधच नाही.

आम्हाला पाहून कुणीही उठलं नाही. मुख्याध्यापकांना शाळेत न उठता बघण्याचा प्रकार प्रथमच घडत होता. त्यांनी पुन्हा कागदात पाहिलं. यावर कागदात काही नव्हतं.

तज्ज्ञ पुढे झाले आणि एका स्टुलावर बसले. म्हणजे खाली गेले, आणि गेलेच. गुडघे कानांशी आले. तिथून त्यांनी समोरच्या मुलाला विचारलं, “बाळ, हे सगळं करायची प्रेरणा तुला कुठून मिळाली?”

मुलाने घासणं थांबवलं नाही. “कुठून म्हणजे? तिला बोचलं ना.”

“ते ठीक आहे. पण आतून काय वाटलं?”

“आतून वाटलं की घासायचं राहिलं.”

तज्ज्ञांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांना उठायचं होतं. दोघांनी हात धरले, एकाने मागून रेटा दिला, तेव्हा ते उठले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे: उभे राहिल्यावर त्यांनी स्टूल उलटं करून पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “मजबूत आहे हो.” त्या दिवसापासून मला ते आवडू लागले.

“मोजा,” अध्यक्षाबाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी पेन्सिलीच्या टोकाने मोजलं. थांबले. पुन्हा मोजलं. “चौतीस.”

“पट किती?”

“तीस.”

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण कोपऱ्यातली चार डोकी मला पाहून स्टुलांच्या मागे दडायचा प्रयत्न करत होती. वीतभर उंचीच्या स्टुलामागे दहावीचा मुलगा कितीसा दडणार? चौघंही माझ्या निबंधाच्या वर्गातली होती.

“तीनशे शब्द झाले?” मी विचारलं.

“सर, पंधरा झालेत,” त्यातला एक म्हणाला. “पुढे काही सुचेना. म्हणून आलो.”

बायको खिडकीत दोरा दाताने तोडताना हसली, असा मला संशय आहे.

अध्यक्षाबाईंनी मुख्याध्यापकांच्या हातातला कागद घेतला, ते घोटून काढलेलं शून्य खोडलं, चौतीस लिहिलं, आणि सही केली. “सुतारवर्ग राहील,” त्या म्हणाल्या. “बीनबॅग शिक्षकांच्या खोलीत ठेवा.” (तशा त्या ठेवल्या. आता व्याख्यानं तिथेच होतात आणि पंख्याखालच्या जागेवरून भांडणं होत नाहीत.)

हे ऐकून वकिलाने पहिल्यांदा मान वर केली. “राहील म्हणजे? सुतारवर्ग कुठे जाणार होता?”

मी सांगितलं. समिती, पंधरा मुलं, अकरा वाजता, भांडार, खडू. ऐकता ऐकता तिच्या हातातला पॉलिश पेपर थांबला. आजूबाजूचे हातही थांबले.

“सर!” ती मेहुण्यावर कडाडली. “अर्ध्या तासाने का नाही गेलो आपण? पंधरा जण थांबलो असतो, बाकीचे इकडे आले असते! साधा हिशेब आहे! तुम्ही एक शब्द बोलायचा होतात!”

“बोललो असतो तर तू थांबली असतीस?”

“अर्थात!”

“आणि स्टूल तुझंच होतं.”

वकिलाला शब्द सापडत नाही असं दृश्य मी त्यापूर्वी पाहिलेलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. तिचे डोळे भरून आले, ते लपवायला तिने मान खाली घातली. मेहुणा उगाच छताकडे पाहू लागला. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी उदात्त बोलणार.

तेवढ्यात स्टुलाच्या मालकिणीने आपलं बोचलेलं बोट वकिलाच्या खांद्यावर टोचलं.

“ताई,” ती म्हणाली, “रडायचं नंतर. आधी ही कडा.”

वकिलाने नाक पुसलं, पॉलिश पेपरची नवी घडी केली, आणि कडा घासायला घेतली.